हात ठेवू का?

आधी एक काम करा. पेपर खाली न ठेवता तुमचे खांदे कुठे आहेत ते बघा. कानांच्या दिशेने वर चढलेत? दात एकमेकांवर दाबलेले आहेत? पोट आत ओढून धरलंय? समोर चहा आहे, लेक्चरला अजून वेळ आहे, मग हे सगळं धरायला सांगितलं कोणी? कोणीच नाही. तरी आपण धरून बसलेलो असतो.

मराठी भाषेला हे फार आधीपासून माहीत आहे. व्हायवाच्या आधी आपल्या पोटात गोळा येतो. रडू आवरताना आवंढा गिळावा लागतो. रिझल्टच्या दिवशी छातीवर दडपण असतं, वाईट बातमी ऐकली की हातपाय गळतात आणि घरची जबाबदारी येते ती थेट खांद्यावर. मनाचं जवळपास सगळं आपण शरीराच्या भाषेत बोलतो. आणि मग खरोखर मान दुखायला लागली की म्हणतो, "काही नाही रे, स्क्रीन टाइम जास्त झालाय."

सध्या रील्सवर याच विषयाची चलती आहे. 'बॉडीवर्क', 'सोमॅटिक हीलिंग', 'ट्रॉमा रिलीज'. मंद दिवे, मॅटवर पडलेला माणूस, त्याच्या छातीवर कोणाचा तरी हात, आणि मग तो ढसाढसा रडतो. खाली कॉमेंट्समध्ये एक तर 'मला पण हवंय', नाहीतर 'काय फालतूपणा'. माझं मत या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. हलक्या हाताच्या स्पर्शाने माणूस मोकळा होतो. हे मी अनुभवलंय आणि त्याला विज्ञानाचा बऱ्यापैकी आधारही आहे. पण ज्या हाताने आधी विचारलं नाही, त्या हाताखाली कोणी मोकळं होत नाही.

मान अडकली त्याची गोष्ट

सेकंड इयरला असताना माझी आजी गेली. सेमिस्टरचे पेपर चालू होते. रात्रीच्या एसटीने बार्शीला गेलो, खांदा दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने पुण्यात परत आलो, कारण तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. दहाव्यालाही जाता आलं नाही. त्या एका दिवसात जो भेटेल तो पाठीवर थाप मारून एकच सांगत होता, "खंबीर राहा. बाबांकडे बघ." राहिलो खंबीर. इतका, की पंधरा दिवसांनी माझी मान डावीकडे वळेना.

उशी बदलली. बाम चोळला. रूममेटने यूट्यूब बघून कटकन मान मोडून द्यायची ऑफर दिली (अशी ऑफर कोणाचीही घेऊ नका). शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मॅडमनी मान तपासली, व्यायाम दाखवले, मला पालथं झोपायला सांगितलं. मग म्हणाल्या, "इथे, खांद्याच्या मागे हात ठेवू का? नको वाटलं तर लगेच सांगा."

मी हो म्हटलं. त्यांनी दाबलं नाही, चोळलं नाही. नुसता हात ठेवला. मिनिटभराने विचारलं, "श्वास धरून ठेवलाय का?" धरला होता. सोडला. आणि पुढे काय झालं ते मलाच कळलं नाही. मी रडायला लागलो. हुंदके देऊन. एका अनोळखी खोलीत, पालथा पडून, उशीत तोंड खुपसून. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. हात मात्र तिथेच होता. थोड्या वेळाने त्यांनी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "होतं असं. पाणी घ्या."

मान त्या दिवशी पूर्ण सुटली नाही, हेही सांगायला हवं. पुढे आठवडाभर व्यायाम करावे लागले. पण आजी गेली, हे मला त्या दिवशी कळलं.

स्नायूंचं चिलखत

शरीर भावना धरून ठेवतं, ही कल्पना इन्स्टाग्रामवर जन्मलेली नाही. फ्रॉइडच्या वर्तुळात तयार झालेले व्हिएन्नाचे मनोविश्लेषक विल्हेल्म राईश यांनी १९३०च्या दशकात 'स्नायूंचं चिलखत' अशी कल्पना मांडली. नकोशी भावना सतत दाबायची सवय लागली की काही स्नायू आवळलेलेच राहतात, आणि आपल्याला वाटतं की आपण असेच आहोत.

या विचाराच्या जवळ जाणारं एक फार साधं काम मॅरियन रोझेन यांनी केलं. जन्म १९१४, जर्मनीतलं न्यूरेंबर्ग. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत देश सोडावा लागला. स्वीडनमार्गे त्या अमेरिकेत पोचल्या आणि कॅलिफोर्नियात अनेक वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत राहिल्या. उपचार चालू असताना जे पेशंट मनातलं बोलू लागतात त्यांना जास्त आराम पडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातून 'रोझेन मेथड' उभी राहिली. पद्धत अशी: जिथे स्नायू आवळलेला आहे तिथे हलका हात ठेवायचा, श्वास कसा बदलतो याकडे लक्ष द्यायचं आणि मोजकंच बोलायचं. स्नायूशी कुस्ती खेळायची नाही. तो सुटायचा तेव्हा सुटेल.

राईश यांची पुढची गोष्टही माहीत असायला हवी. त्यांनी नंतर अमेरिकेत 'ऑर्गोन' नावाची विश्वव्यापी ऊर्जा सापडल्याचा दावा केला आणि ती साठवणाऱ्या, माणूस आत बसू शकेल अशा पेट्या तयार केल्या. या पेट्या पुरवायला न्यायालयाने मनाई केली. ती मोडल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. चांगल्या निरीक्षणापासून भोंगळ दाव्यापर्यंतचा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात होऊ शकतो. मग ज्याने वीकेंडचा कोर्स करून बोर्ड लावलाय, त्याच्या बाबतीत तर आपण जपूनच राहायला हवं.

विज्ञान कुठपर्यंत सोबत येतं?

बरंच लांब येतं. आपल्या त्वचेत, विशेषतः जिथे बारीक लव असते तिथे, 'सी-टॅक्टाइल' नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा, अंगाइतका उबदार, हलका हात यांना सगळ्यात जास्त जागं करतो. म्हणजे कुरवाळणं ओळखण्यासाठी शरीराने वेगळी लाइन टाकून ठेवली आहे. आईवडील बाळाला कुरवाळतात तेव्हा त्यांचा हात साधारण याच वेगाने फिरतो, असंही प्रयोगांत दिसलंय. कोणी शिकवलेलं नसताना.

२०२४ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या जर्नलमध्ये जर्मनी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी स्पर्शावरच्या १३७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण मांडलं. वेदना, चिंता आणि नैराश्य, तिन्हींवर स्पर्शाचा चांगला परिणाम दिसला. त्यात तीन गमतीच्या गोष्टी होत्या. एकदाच तासभर मसाज घेण्यापेक्षा थोडा थोडा पण वारंवार होणारा स्पर्श जास्त उपयोगी ठरला. धडापेक्षा डोक्याला, चेहऱ्याला झालेला स्पर्श जास्त गुणकारी दिसला. आणि रोबोट किंवा जड पांघरूण यांनी शरीराला आराम पडला, पण मनाला माणसाच्या हाताइतका नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हात ओळखीच्या माणसाचा की थेरपिस्टचा, याने तिथे फारसा फरक पडला नाही. आता याच्या शेजारी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांचा २००६ मधला प्रयोग ठेवा. १६ विवाहित स्त्रियांना सांगितलं, तुम्हाला हलका विजेचा झटका बसू शकतो. नवऱ्याचा हात धरल्यावर मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात जास्त शांत झाली. अनोळखी माणसाचा हात धरल्यावरही झाली, पण कमी. आणि ज्यांचं नातं चांगलं होतं, त्यांना नवऱ्याच्या हाताचा फायदा जास्त झाला.

मग हात कोणाचा याला महत्त्व आहे की नाही? मला वाटतं, उत्तर तिसरीकडे आहे. अशा संशोधनात भाग घेणारा मोठा माणूस आधी सगळं समजून घेऊन, संमतीची सही करून आलेला असतो. हात कुठे लागणार, किती वेळ लागणार, नको असेल तर थांबता येईल, हे त्याला माहीत असतं. विचारणं हा त्या प्रयोगाचाच भाग असतो, तो फक्त मथळ्यात येत नाही.

आता विज्ञान कुठे थांबतं तेही बघू. डाव्या खांद्यात आजी, कमरेत ब्रेकअप, मांडीत दहावीचे मार्क, असा कप्पेवार साठा शरीरात असतो याला पुरावा नाही. माहीत आहे ते एवढंच, की ताणात स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो आणि सुरक्षित वाटलं की दोन्ही सैलावतात. आणि सैल झाल्यावर, जे आवरून धरायला एवढी ताकद लागत होती ते वर येतं, हा माझा अंदाज. मला हे स्पष्टीकरण पुरतं. रडू आलं म्हणजे ट्रॉमा 'निघून गेला' असंही नाही. रडू आलं म्हणजे रडू आलं. पुढचं काम उरतंच.

"हाच तुझा ब्लॉक आहे"

माझी एक मैत्रीण मागच्या वर्षी दोन दिवसांच्या 'इमोशनल रिलीज' वर्कशॉपला गेली. तीन महिन्यांचा पॉकेटमनी भरून. सगळ्यांना मॅटवर झोपवून डोळे मिटायला सांगितलं. म्युझिक लागलं. आणि न विचारता कोणीतरी तिच्या बरगड्यांखाली हात ठेवला. ती दचकली. आवाज आला, "रेझिस्ट करू नकोस." ती म्हणाली, "नको, प्लीज." त्यावर त्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघ, हाच तुझा ब्लॉक आहे."

ती गप्प पडून राहिली. रडलीही. इतरांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मला म्हणाली, "सगळ्यांना वाटलं मी रिलीज झाले. मला माझाच राग येत होता, की मी उठून गेले का नाही."

त्या वाक्याची चलाखी बघा. हो म्हटलं तर हात येणार. नाही म्हटलं तर ते नाही म्हणणं हाच आजाराचा पुरावा. म्हणजे तुमच्या अंगाबद्दल बोलायचा हक्क तुमच्याकडे उरतच नाही. तिचा आणि माझा अनुभव बाहेरून बघितला तर सारखाच होता. हलका हात, श्वास, रडू. रील केलं असतं तर दोन्ही सारखेच दिसले असते. फरक चार सेकंदांचा होता, एक प्रश्न विचारायला लागतात तेवढ्या.

आपला स्पर्शाचा हिशेब

हे मी कॉलेजच्या मुलामुलींना का सांगतोय? कारण या वयात आपला स्पर्शाचा हिशेब पार बिघडलेला असतो.

लहानपणी आपल्याकडे स्पर्शाची चंगळ असते. बाळाला मालिश, टाळूवर तेल, न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळणं. दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून तेल-उटणं. रविवारी आजी मला पायाशी बसवून डोक्यात खोबरेल जिरवायची आणि मी तिच्या गुडघ्याला डोकं टेकून तिथेच पेंगायचो. मग सातवी-आठवीत कधीतरी हे सगळं बंद होतं. "आता मोठा झालास." त्यानंतर मुलांच्या वाट्याला येतात थापा, बुक्क्या आणि बर्थडेला लाथा. दोस्ताला मिठी मारली तर वर एक जोक मारावाच लागतो, नाहीतर ग्रुपवर आठवडाभर चालतं.

मुलींचं आणखी वाईट. हवा असलेला स्पर्श बंद होतो त्याच सुमाराला नको असलेला सुरू होतो. बसमध्ये, लोकलच्या पुलावर, गणपतीच्या गर्दीत. 'अंग चोरून उभं राहणं' हा वाक्प्रचार ज्याने केला, त्याने बहुतेक बसमध्ये उभी असलेली मुलगीच बघितली असावी. वर्षानुवर्षं अंग चोरलेल्या माणसाला "रिलॅक्स कर ना" म्हणणं सोपं असतं. तिचे आवळलेले खांदे हा दोष नाहीये. ते तिचं रक्षण करत आलेत.

आणि हॉस्टेलवाले, स्पर्धा परीक्षावाले? पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत अशी कितीतरी मुलं आहेत, ज्यांच्या हाताला दिवसभरात लागतं ते पुस्तक, मोबाइल आणि बायोमेट्रिक मशीन. कुसुमाग्रजांची 'कणा' आपण सगळ्यांनी वाचली आहे. त्यातल्या विद्यार्थ्याला सरांकडून पैसे नको असतात. उदाहरण देऊन देऊन गुळगुळीत झालंय, मान्य. पण आपण त्या कवितेला फक्त 'प्रेरणादायी' म्हणतो. त्याने सरांकडे काय मागितलं, ते मागायची आपल्याला मात्र लाज वाटते.

जायचंच असेल तर

दुखत असेल तर आधी डॉक्टर किंवा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट. हाताला मुंग्या येतायत, ताकद कमी वाटतेय, पडल्यानंतर दुखायला लागलंय, सोबत ताप आहे, तर बॉडीवर्कचं नावही काढू नका, थेट दवाखाना गाठा. अत्याचाराचा अनुभव, पॅनिक अटॅक, जगणं नकोसं वाटणं, यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं सांभाळून कोणाकडे जावंसं वाटलं, तर चार गोष्टी बघा. हात कुठे ठेवणार हे ते आधी सांगतात का? 'थांबा' म्हटल्यावर त्याच क्षणी, वाद न घालता थांबतात का? सोबत कोणाला बसवू देतात का? तुमची चालू औषधं बंद करायला सांगत नाहीत ना? यातल्या एकाचंही उत्तर चुकलं, तर चप्पल घाला आणि निघा. फी बुडाली तरी चालेल. आणि कोणी 'तीन सेशनमध्ये ट्रॉमा क्लिअर'ची गॅरंटी देत असेल, तर चप्पल काढूच नका.

खरं तर सुरुवात इतक्या लांब जाऊन करायची गरजही नाही. परीक्षेच्या दिवसांत रूममेटला विचारा, "डोकं चेपून देऊ का?" पाच मिनिटं पुरतात. मित्राचं काही बिनसलं असेल तर थाप मारायच्या आधी विचारा, "पाठीवर हात ठेवू?" पहिल्यांदा विचित्र वाटेल, तो हसेलही. नको म्हणाला तर शेजारी बसा, तेही बरंच असतं. आणि ज्यांना स्पर्श आवडतच नाही त्यांच्यासाठी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकातच एक पद्धत देऊन ठेवली आहे. मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, मग सोडा. मग दंड, खांदे, जबडा, पोट, पाय. आवळल्यावर कसं वाटतं आणि सोडल्यावर कसं वाटतं, एवढंच बघायचं. कोणाचा हात लागत नाही, पैसा लागत नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, प्रत्येक वेळी विचारत बसलं तर त्यातली माया जाते. घरात कोण विचारतं? आजी कुठे विचारायची?

मलाही असंच वाटायचं. पण हा लेख लिहिताना रविवार नीट आठवायचा प्रयत्न केला. आजी तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "तेल लावू का रे?" टीव्हीवर मॅच असली की मी म्हणायचो, "नको गं, नंतर." मग ती वाटी फडताळात ठेवून द्यायची. रागवायची नाही. ओव्हर संपली की मीच उठून तिच्या पायाशी जाऊन बसायचो.

ती दर वेळी विचारायची. माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.